पायाला भिंगरी, हाताला काम

समोर समुद्र, मांडीवर लॅपटॉप, शेजारी शहाळं. हा फोटो तुम्ही इन्स्टावर शंभरदा पाहिला असेल. त्यात एक छोटीशी गडबड असते. भर उन्हात लॅपटॉपच्या स्क्रीनवर काहीच दिसत नाही. म्हणजे फोटोतला माणूस त्या वेळी काम करत नसतो, एवढं नक्की. काम तो नंतर करतो. लॉजच्या खिडकी नसलेल्या खोलीत, कारण प्लग तिथे आहे. किंवा पेट्रोल पंपाशेजारच्या टपरीवर, कारण रेंज तिथे आहे.

मी गेली तीन वर्षं असा राहतोय, म्हणून खात्रीने सांगतो.

माझं गाव सायखेडा. नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात, गोदावरीच्या काठावर. आमच्याकडे तिला गोदावरी फारसं कुणी म्हणत नाही, गंगा म्हणतात. पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, मग हिंजवडीत चार वर्षं कोड लिहिला. त्या काळातच रात्री जागून ॲनिमेशन शिकलो. आता वय २९, आणि पोट त्या ॲनिमेशनवर चालतं. मोबाईल ॲपमधली हलती चित्रं, शाळेच्या विषयांचे व्हिडिओ, कधी एखाद्या संस्थेची माहितीफीत. सोबत एक जुनी ओम्नी आहे, मागची सीट काढून फळी आणि गादी टाकलेली. काही रात्री गाडीत, काही भक्तनिवासात, काही महिन्याच्या भाड्याने घेतलेल्या खोलीत.

भेटणारी मुलं विचारतात, काम आणि फिरणं यांचा बॅलन्स कसा साधतोस? त्यांना वाटतं याचं उत्तर दिवसाच्या वेळापत्रकात असेल. सकाळी चार तास काम, दुपारी धबधबा, संध्याकाळी पुन्हा काम. तसं होत नाही. नवीन जागा पहिले दोन दिवस खाऊनच टाकते. पाणी कुठे, संडास कुठे, गाडी रात्री कुठे लावली तर कुणी उठवणार नाही, कुठल्या सिमला रेंज आहे, हे कळेपर्यंत तिसरा दिवस उजाडतो. क्लायंट जर्मनीतला असेल तर त्याचे सकाळचे १० म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे दीड आणि हिवाळ्यात अडीच. म्हणजे फिरायला जी दुपार मोकळी हवी, नेमकी तीच मीटिंगमध्ये जाते.

मी इंजिनिअर असल्यामुळे सगळं एक्सेलमध्ये मांडतो. पहिल्या वर्षी मी ३१ ठिकाणी राहिलो. ज्या महिन्यात पाच-सहा जागा बदलल्या, त्या महिन्याचं बिल एका जागी राहिलेल्या महिन्याच्या जेमतेम निम्मं होतं. गणित सरळ होतं. चाकं फिरतात तेव्हा हात थांबतात. दिवसाच्या आत या दोघांचा मेळ बसत नाही. मग बसतो कुठे? याचं उत्तर मला ज्यांच्याकडे मिळालं, त्यांच्यापैकी कुणीही कधी ‘डिजिटल नोमॅड’ हा शब्द ऐकलेला नाही.

सुरुवात घरच्याच द्राक्षबागेपासून करतो. आमची दोन एकर बाग. बागेत काम दोन प्रकारे दिलं जातं, रोजाने किंवा उक्तं. रोजाने म्हणजे दिवसाचे पैसे. उक्तं म्हणजे एवढी झाडं, एवढं काम, एवढी रक्कम, मग ते किती वेळात संपवायचं ते तुमचं तुम्ही बघा. फ्रीलान्सिंगच्या साइटवर ‘अवर्ली’ आणि ‘फिक्स्ड प्राइस’ असे दोन पर्याय पहिल्यांदा दिसले तेव्हा मला समजावून सांगायची गरजच पडली नाही. हे आमच्या बांधावर लहानपणापासून ऐकत होतो.

ही उक्ती कामं करायला पेठ आणि सुरगाणा भागातून आदिवासी कुटुंबं येतात. छाटणी, डोळ्यांना पेस्ट लावणं, घडांची विरळणी, डिपिंग, शेवटी काढणी. बागेच्या कडेला पाल किंवा पत्र्याची खोली, तीन दगडांची चूल, पोरंबाळं सोबत. एक बाग संपली की टोळी पुढच्या बागेवर. त्यांचं रस्त्यावर असणं आणि माझं रस्त्यावर असणं एकाच मापाने मोजायचं नाही, हे मला कळतं. मी ओढीने निघतो, ते गावात हाताला काम नाही म्हणून निघतात. माझ्या भटकंतीला लाइक मिळतात, त्यांच्या मुलांची शाळा बुडते. पण एक गोष्ट मी त्यांच्याकडे पाहूनच शिकलो. पाऊस लागला की ती परत जातात. वर डोंगरात भाताची, नागलीची लावणी असते. त्यांचं फिरणं कितीही लांबलं तरी त्याला एक शेवट ठरलेला आहे, आणि तो शेवट आभाळ ठरवतं.

दुसरे लोक भेटले ते रस्त्यात. सायखेड्याहून पुण्याला जाताना सिन्नर, संगमनेर मागे टाकलं की नारायणगाव येतं. तमाशाची पंढरी. तमाशाचा फड म्हणजे महाराष्ट्रातली जुनी आणि अवघड फिरती कलाकारी. ट्रकमध्ये तंबू, स्टेज, जनरेटर, भांडीकुंडी आणि माणसं. आज या गावात, उद्या त्या. दसऱ्याला फड बाहेर पडतात आणि अक्षय्य तृतीया-बुद्ध पौर्णिमेच्या आसपास हंगाम संपतो. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. बाहेर फडाच्या नावाचा फलक, आत मॅनेजर. गावोगावचे पंच येतात, जत्रेची तारीख सांगतात, रकमेवरून घासाघीस होते, आणि इसार देऊन तारीख पक्की केली जाते. याला सुपारी म्हणतात.

मी फ्रीलान्सर मित्रांना हे सांगतो तेव्हा ते आधी हसतात, मग गप्प होतात. कारण आमचं सगळं त्यात आहे. इसार म्हणजे ॲडव्हान्स. सुपारी म्हणजे प्रोजेक्ट. तिकीट लावून कनातीत खेळ करणं म्हणजे स्वतःच्या जोखमीवर केलेलं काम, चाललं तर चाललं. आणि उचल. उचल हा शब्द मात्र आमच्याकडे नाही. पावसाळ्यात खेळ नसतात, तेव्हा घर चालवायला कलाकार फडमालकाकडून आगाऊ रक्कम घेतात आणि पुढच्या हंगामात काम करून ती फेडतात. फडमालक ती रक्कम बहुतेक वेळा स्वतः व्याजाने काढतो. म्हणजे पुढच्या वर्षीचं फिरणं यंदाच्या पावसातच विकलं गेलेलं असतं. फेडता आली नाही तर त्या फडातून निघताही येत नाही.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तो ऐन जत्रांच्या तोंडावर. चैत्र-वैशाखातल्या ज्या सुपाऱ्यांवर वर्षाचं गणित उभं असतं, त्या सगळ्या गेल्या. उचल मात्र अंगावर राहिली. आणि हे फक्त लहान कलाकारांचं दुखणं नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्याएवढं नाव तमाशात क्वचितच कुणाला मिळालं असेल. आज राज्य सरकारचा तमाशासाठीचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. २००२ मध्ये त्या गेल्या, पण त्यांची शेवटची वर्षं हलाखीत गेली. कला होती, लोक होते, रस्ता होता. पावसाची तरतूद नव्हती, कारण ती करता येईल अशी व्यवस्थाच त्यांच्या वाट्याला आली नाही.

हे वाचून कुणाला वाटेल, म्हणजे नोकरीच बरी. थांबा. तिसरा दाखला आमच्या नाशकातलाच आहे आणि तो बराच जुना आहे.

मुंबई-आग्रा रस्त्यावर नाशिक शहराच्या दक्षिणेला पांडवलेणी आहेत. शाळेची सहल तिथे जातेच. पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही, ती बौद्ध भिक्खूंची लेणी आहेत. भिक्खू म्हणजे तेव्हाचे पूर्णवेळ फिरस्ते. एका जागी रमायचं नाही, हाच नियम. पण पावसाळ्यात मात्र फिरायचं नाही, हाही नियम. त्या मुक्कामाला वर्षावास म्हणतात. लेणी खोदली गेली त्यामागे ही एक मोठी गरज होती.

तिथल्या १० क्रमांकाच्या लेण्यात, क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. साधारण १९०० वर्षांपूर्वीचा. त्यात चक्क मुदत ठेवीचा हिशोब आहे. उषवदाताने गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे एकूण ३००० कार्षापण ठेवले. २००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा १ व्याजाने. १००० दुसरीकडे, महिना शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. आणि २००० वरच्या व्याजातून, त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण, चिवरासाठी, म्हणजे कापडासाठी.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा फोनवर कॅल्क्युलेटर उघडला. २००० वर महिना शेकडा १ म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि २० भिक्खू गुणिले १२ म्हणजेही २४०. एक नाणं इकडेतिकडे नाही. १९०० वर्षांपूर्वी कुणीतरी बसून हे ठरवलं होतं की, जी माणसं एरवी रस्त्यावर असतात, त्यांच्या पावसाळ्यातल्या थांबण्याची सोय आधी लावून ठेवायची. तीही कर्जातून नाही, व्याजातून.

उचल आणि ही ठेव, दोन्ही पावसाचेच पैसे आहेत. एकात पुढचं वर्ष गहाण पडतं, दुसऱ्यात मागचं वर्ष कामी येतं. फरक एवढाच, पण सगळा फरक तोच आहे.

माझ्याकडे कुणी उषवदात नाही. म्हणून मी बँकेत एक वेगळं खातं उघडलं आणि ॲपमध्ये त्याला ‘पाऊस’ असं नाव दिलं. हिशोब असा: आठ महिने कमावून बारा महिने त्याच खर्चात काढायचे असतील, तर प्रत्येक बिलातला तिसरा हिस्सा बाजूला पडला पाहिजे. १५,००० चं काम झालं की ५,००० तिकडे. पैसे आले की त्याच दिवशी, चहा प्यायच्या आधी. ज्या महिन्यात एखादा क्लायंट पैसे अडकवतो, त्या महिन्यात मुक्काम हलवायचा नाही, डिझेल-पेट्रोलचा खर्च शून्यावर आणायचा. दुसरा नियम, इसाराशिवाय काम सुरू करायचं नाही. राहुटीतले पंच अनोळखी असले तरी पैसे टेकवल्याशिवाय तारीख मिळत नाही, मग मी ईमेलवरच्या माणसाला का द्यावी?

पैशांचं झालं. पण पैशांपेक्षा अवघड हिशोब घरचा असतो.

मराठीतलं रस्त्यावरचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक म्हणजे गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये घरातून निघाले ते फिरायची हौस म्हणून नाही. घरावर कर्ज होतं, उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार अशी बातमी होती, दक्षिणा मिळेल या हिशोबाने निघाले. सापडले बंडाच्या वणव्यात. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला, लुटले गेले, जीव वाचवून परत आले. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून लिहिलं, आणि ते १९०७ मध्ये छापलं गेलं. निघाले पैशांसाठी, हाती आलं पुस्तक. आपण ते पुस्तक वाचतो आणि त्यांच्याबरोबर चालत राहतो. वरसईत मागे राहिलेल्यांनी ती वर्षं कशी काढली असतील, ते मात्र आपल्या मनात येत नाही. मागे राहणाऱ्यांचं पुस्तक होत नाही.

४ ऑगस्ट २०१९. गंगापूर आणि दारणा धरणांतून पाणी सोडलेलं, गंगेला मोठा पूर, सायखेडा आणि चांदोरी पाण्यात. आमच्याकडे पूर नवा नाही, गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला कोणत्या वर्षी पाणी कुठल्या पायरीला लागलं ते पाठ असतं. त्या दिवशी आई आणि नाना, म्हणजे माझे वडील, धान्याच्या गोण्या, मिक्सर, गॅसची टाकी, कागदपत्रांची पेटी असं एकेक माळ्यावर चढवत होते. मी पुण्यात होतो. व्हॉट्सॲपवर आलेल्या व्हिडिओत मी आमची गल्ली ओळखली ती शेजाऱ्यांच्या निळ्या दारावरून.

त्या वेळी मी नोकरीत होतो, हे मुद्दाम सांगतो. कारण आता नातेवाईक म्हणतात, नोकरी सोडून भटकतोय, आईबापाकडे कोण बघणार? स्थळ सांगायला आलेले एक मामा तर म्हणाले, “पोरगं कमावतं हे कळलं, पण पर्मनंट कुठं असतं?” पर्मनंट असताना मी ऑगस्टच्या त्या रविवारी घरी नव्हतो. सुट्टी मागून, गाड्या बदलून पोचेपर्यंत पाणी ओसरून चिखल राहिला होता. पर्मनंट माणूसही घरापासून लांबच असतो, फक्त त्याचा पत्ता ठरलेला असतो.

यंदा एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली आणि एका रात्री जेवताना नानांनी विचारलं, “बाग ठेवायची का मोडायची, तेवढं तू सांग. माझे गुडघे आता आणखी दोन हंगाम म्हणतात.”

द्राक्षबाग मोडणं म्हणजे काय, ते आमच्या तालुक्यात कुणाला सांगावं लागत नाही. अँगल, तारा, ठिबक, सगळं उभं करायला लागलेली वर्षं एका जेसीबीच्या दिवसात आडवी होतात. आई काही बोलली नाही, ताटात भात वाढत राहिली. मी परत येतो, असं मी म्हणालो असतो तर ते खोटं ठरलं असतं, दोन वर्षांत मीच चिडचिडा झालो असतो. मला काही सांगू नका, असंही म्हणता येत नव्हतं. घर माझंही आहे, आणि मी निघतो तेव्हा ते मागे उभं असतं म्हणूनच मला निघणं जमतं.

मी फोनवर कॅलेंडर उघडलं आणि नानांसमोर धरलं. जुलै ते ऑक्टोबर मी सायखेड्यात. पुराचे महिने त्यात येतात. पावसात रस्त्यावर तसंही हाल असतात, ओम्नीत ओल येते, घाटात रेंज जाते. ऑक्टोबरात गोडी छाटणी, ती मी उभा राहून करून घेणार. नोव्हेंबरपासून मी बाहेर. काढणीला व्यापारी ठरला की दहा दिवस परत.

नानांनी चष्मा लावून बघितलं. म्हणाले, “थंडीत घडाला तडे जातात, तेव्हा रात्री शेकोट्या कोण पेटवणार?” निफाडची थंडी ज्यांनी बातम्यांत वाचली असेल त्यांना हा प्रश्न कळेल. माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. कॅलेंडरमध्ये जानेवारी बाहेरचाच होता.

शेवटी ठरलं ते असं. एक एकर ठेवायची, एक मोडायची. एका एकराची राखण नाना आणि चुलतभाऊ मिळून करतील, त्याला वाटा. मोडलेल्या एकरात सोयाबीन, मग कांदा. जेसीबी आला त्या दिवशी मी घरी होतो. नाना बांधावर बसून होते, तारा गुंडाळायचं काम मी आणि चुलतभावाने केलं. वीस वर्षांची खोडं होती. मी लहान असताना त्यांना पाणी दिलेलं मला आठवतं. संध्याकाळी एका भंगारवाल्याने अँगल वजनावर नेले.

म्हणजे माझ्या फिरण्याची किंमत एक एकर बाग, असं कुणी म्हणू शकेल. मी हिंजवडीत असतो तर कदाचित दोन्ही एकर मोडावे लागले असते, असंही म्हणता येईल. यातलं काय खरं, ते एक्सेलमध्ये मांडता आलेलं नाही.

पावसाच्या चार महिन्यांत मी क्लायंटचं काम अगदी थोडं घेतो. ‘पाऊस’ खात्यातून घरखर्चाला पैसे देतो आणि उरलेल्या वेळात स्वतःचं काहीतरी करतो. सध्या गंगेच्या पातळीवर चार मिनिटांची एक ॲनिमेशन फिल्म करतोय. गावातल्या म्हाताऱ्यांनी दाखवलेल्या पायऱ्या आणि भिंती, त्यावर १९६९ पासूनचं पाणी कुठवर आलं ते. तीन वर्षं रस्त्यावर राहून जे सुचलं नाही, ते घरच्या ओट्यावर सुचलं. पण ते बघायची नजर रस्त्याने दिली, हेही तितकंच खरं. गावात सतत राहिलो असतो तर ती पायरी मला फक्त पायरीच दिसली असती.

तुम्ही निघायच्या विचारात असाल तर माझ्याकडून कॅमेरा कुठला घ्यावा हे विचारू नका. तुमचा पाऊस कुठल्या महिन्यात येतो, ते आधी शोधा. प्रत्येक घराचा वेगळा असतो. कुणाच्या आईच्या तपासण्या असतात, कुणाच्या बहिणीची परीक्षा, कुणाच्या दुकानाची दिवाळी. ते महिने आधी भरा, उरलेल्यात नकाशा काढा.

आमची यंदाची छाटणी १० ऑक्टोबरला धरली आहे. जर्मनीच्या क्लायंटला कळवलंय की, त्याच्या आधीची तारीख मिळणार नाही. त्याने कारण विचारलं, मी द्राक्षांचा फोटो पाठवला. त्याने इसार पाठवला.